मुंबईचा पाऊस
(ढाणकी येथील साक्षरता वर्गातले भाषण)



ढाणकीत बसून मुंबईची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या उमरखेड तालुक्यातली पोरे पोटासाठी मुंबईला जातातच. तिथे पाऊस कोसळला की इथे मायचा जीव टांगणीला लागतो. म्हणून आज मुंबईचे बोलू.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला एका दिवसरात्रीत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे साऱ्या पावसाळ्यात साधारण एवढाच पडतो! गंमत बघा, त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर. एकच शहर, पण एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला नुसत्या सरी. लोकलगाड्या जागीच थांबल्या. माणसे रात्रभर छातीइतक्या पाण्यातून चालत घरी गेली. मुंबईत चारशेहून अधिक जीव गेले. पाणी ओसरल्यावर लेप्टोचा ताप आला. उंदरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून तो होतो. त्यानेही माणसे दगावली.

असा पाऊस पूर्वी पडत नव्हता काय? पडत होता. पण आता असे धो धो पाऊस वाढले आहेत. कारण ऐका. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो धूर-वायू वर जातो, तो पृथ्वीची ऊब अडवून धरतो. गोधडी पांघरल्यावर अंगाची ऊब आत राहते ना, तसेच. त्याने हवा तापली, अरबी समुद्रही तापला. हवा एक अंश तापली की तिच्यात शेकडा सात भाग जास्त वाफ मावते. ती वाफ एकदम कोसळते. मधले दिवस मात्र कोरडे जातात. हे आपल्या वावरातही आपण बघतोच.

दुसरे असे, तापलेले पाणी फुगते. काठोकाठ भरलेले भांडे चुलीवर ठेवून पाहा. समुद्राचेही तेच होते. शिवाय बर्फाचे डोंगर वितळून त्याचे पाणी त्यात येते. मुंबई मुळात सात बेटांची. मधली खाडी भरून शहर केलेले. जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढीच. त्यातून समुद्राला भरती असली की गटाराच्या तोंडाशी पाणीच पाणी. मग शहरातले पाणी जाईल कुठे?

पण सारा दोष आभाळाला देऊन चालणार नाही, असे आम्हाला वाटते. मिठी नदी विहार आणि पवई तलावाकडून निघून माहीमच्या खाडीला मिळते. तिचे काठ भरून टाकले. लोक झोपडपट्टीकडे बोट दाखवतात. झोपड्या आहेत, खरे. पण विमानतळाची धावपट्टी आणि वांद्रे-कुर्ल्याच्या मोठमोठ्या कचेऱ्याही त्याच नदीच्या जागेवर आल्या. त्यांना कोण बोलते? लाटा अडवणारी, पाणी पिणारी खारफुटीची झाडेही तोडली गेली. आपल्याकडे २०२१ साली दहागावच्या नाल्यावर एस.टी. पुरात वाहून गेली, ते तुम्हाला आठवत असेल. पाण्याची वाट पाणी विसरत नाही.

आता उन्हाचे. आपल्याकडे पारा ४४ वर जातो, पण हवा कोरडी. घाम वाळतो, अंग निवते. मुंबईत ३६ अंशांतच जीव घाबरा होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. वर टिनाचे छप्पर असेल तर रात्रीही झोप नाही. सकाळी पुन्हा पाटी उचलायला जायचे.

नुकसान कोणाचे होते? गिरणगाव गेले, पण आजही मुंबई म्हणजे देशाची मोठी पेठ. ती एक दिवस बंद पडली तर कोट्यवधींचे व्यवहार अडतात. बँकेतल्या बाबूचा पगार मात्र कापत नाहीत. भाजीवालीची टोपली सडते, बिगाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. मग गावी येणारी मनीऑर्डर म्हणा, फोनवरून येणारे पैसे म्हणा, त्या महिन्याला कमी येतात. मुंबईचे पाणी असे ढाणकीच्या चुलीपर्यंत पोचते.

२०२२ साली मुंबई महापालिकेने हवामानाचा आराखडा केला. पाणी उपसायला मोठे पंपही बसवले आहेत. तरी पाणी तुंबतेच.

तुमचे कोणी तिथे असेल तर फोनवर एवढे विचारा: खोली नाल्यापासून किती लांब? भरतीची वेळ वर्तमानपत्रात छापून येते, ती वाचतोस का? आणि तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर ताप यायची वाट न पाहता दवाखान्यात जाऊन तसे सांग म्हणावे.