पडद्यापुढची माणसे
(मंडळाच्या सभासद-मेळाव्यात केलेले भाषण)



‘छायाचित्रण आणि रंगभूमी’ या विषयावर मला दहा मिनिटे बोलावयाचे आहे. मी सरकारी नोकर. टिपणे लिहिण्याची सवय आहे, भाषणाची नाही. म्हणून मूळ प्रकरण आधीच सांगतो. आपल्या सभागृहामागच्या अडगळीच्या खोलीत बांबूवर गुंडाळलेला उपवनाचा एक जुना नाटकी पडदा आहे. जागा हवी म्हणून तो निकालात काढण्याचा ठराव पुढील बैठकीत यावयाचा आहे. माझा त्याला विरोध आहे.

पुष्कळांच्या घरी आजोबा-आजींचे एक छायाचित्र असेल. मागे संगमरवरी जिना, कमान, दूरवर तळे. पुढे खुर्चीत ताठ बसलेले आजोबा आणि शेजारी अनवाणी उभी आजी. घरी जिना नव्हता, तळे तर नव्हतेच. तरी कुणी फसत नसे. उलट त्या रंगवलेल्या वैभवापुढे आजीची उघडी पावलेच आधी नजरेत भरतात.

रंगवलेला पडदा आणि कॅमेरा यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले व पुढे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. कॅमेरा शरीरातील शक्ती शोषून घेतो, अशी लोकांची समजूत, धंदा बसला. तेव्हा त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविणारा माणूस असा दोन्ही कामांत हात मळवून आलेला होता.

बडोद्यातच शिल्पकला शिकलेल्या बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी हे नाते उलटे वापरले. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीसह त्यांनी दक्षिण भारतातील स्त्रियांवर एक चित्रमालिका केली. रंगविलेले देखावे उभारावयाचे, वेषभूषा करावयाची आणि स्वतःच त्यापुढे उभे राहावयाचे. राजा रविवर्म्याची लक्ष्मी त्यांनी अशीच उभी केली. त्याच्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी आपल्या किती देवघरांत होती, हे सांगावयास नको! पण इथे कमळात देवीऐवजी ओळखीची एक बाई दिसते, आणि आपण इतकी वर्षे नक्की काय पाहत होतो, असा प्रश्न पडतो. मालिकेच्या एका भागात त्यांनी चित्रणाची तयारीही उघड दाखविली आहे. मला तो भाग सर्वांत आवडतो.

गेल्या रविवारी आम्ही तिघांनी आपला पडदा उलगडला. डावा कोपरा पाण्याने खराब झाला आहे. कारंजे आणि दोन मोर शाबूत आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी पुढे उभे राहण्यास प्रथम साफ नकार दिला. मग पदर सारखा करून त्या अशा काही उभ्या राहिल्या, की तीस वर्षांच्या संसारात ती मुद्रा मी पाहिली नव्हती.

माझी सूचना एवढीच आहे. पडद्याची घडी घालू नये, घडीवर रंगाचे पोपडे निघतात. तो जाड नळीवर गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या भिंतीवर टांगू. ज्या कुटुंबांना त्यापुढे छायाचित्र काढून घ्यावयाचे असेल त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे. फाटका कोपरा झाकावयाचा नाही. कॅमेरा माझा, फिल्मचा खर्चही माझा. ठराव त्यानंतर मांडावा.