डॉ. खानोलकर : प्रयोगशाळा आणि विद्यापीठ

पनवेल तालुक्यांत खारघर म्हणून जें नवें नगर वसलें आहे, त्याच्या पाठीशीं डोंगर उभे आहेत. पावसाळ्यांत पांडवकड्याचा धबधबा कोसळूं लागला म्हणजे मुंबईकरांचीं पावलें तिकडे वळतात. परंतु वर्षाचे बाराहि महिने तेथें येणारे लोक निराळेच. हातांत तपासण्यांच्या कागदांची पिशवी, चेहऱ्यावर रात्रभराच्या प्रवासाचा शीण, आणि बरोबर डोक्याला रुमाल बांधलेलें एखादें माणूस, अशीं कुटुंबें दूरदूरच्या प्रांतांतून तेथील कर्करोग-संस्थेंत येतात. टाटा स्मारक केंद्राची ही संस्था उपचार, संशोधन व शिक्षण हीं तिन्ही कामें एकाच आवारांत करते. तिच्या संशोधनाच्या इमारतीचें नांव ‘खानोलकर शोधिका’ असें आहे. हे खानोलकर कोण, हें येणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्यांच्याविषयीं आज चार शब्द बोलावे असें मीं योजिलें आहे. कारण शास्त्रज्ञानें प्रयोगशाळा सोडून कुलगुरु व्हावें कीं नाहीं, या नेहमींच्या वादाला त्यांच्या चरित्रांत एक चांगलें उत्तर सांपडतें.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजीं झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रांतील एम्.डी. ही पदवी त्यांनीं १९२३ सालीं मिळविली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळें शरीराच्या पेशींत काय पालट होतो तें पाहणारें शास्त्र. हा वैद्य रोग्याची नाडी क्वचितच पाहतो. रोगट भागाचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळतो, आणि त्याच्या एका शब्दावर शस्त्रवैद्याचा हात चालतो किंवा थांबतो. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं हें शास्त्र शिकविलें. १९४१ सालीं परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

काचपट्टी वाचून निदान लिहिलें कीं विकृतिशास्त्रज्ञाचें ठरलेलें काम पुरें होतें. खानोलकर तेवढ्यावर थांबले नाहींत. हा काप कोणाचा, तो मनुष्य कोठला, तो काय चघळतो, काय नेसतो, असे प्रश्न त्यांनीं पुढें विचारले. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीनें एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं सूर्याबाई यांच्या सहकार्यानें लिहिलेला त्यांचा निबंध तर रूढी आणि कर्करोग यांच्या नात्यावरच होता. कमरेवर एकाच जागीं वर्षानुवर्षें धोतर घट्ट आवळल्यानें त्वचा घासली जाऊन तेथें होणारा कर्करोग, किंवा तंबाखू व चुना मळून केलेली खैनी खालच्या ओठाच्या खोबणींत धरल्यानें नेमका तेथेंच होणारा कर्करोग, अशा प्रकारांची ओळख या निबंधानें वैद्यकाला करून दिली. काश्मीरांत थंडीच्या दिवसांत पोटाशीं धरलेल्या निखाऱ्यांच्या कांगडीनें होणारा कर्करोग वैद्यांना पूर्वींच माहीत झाला होता. आपल्या घरांतल्या साध्या संवयींकडेहि त्याच डोळसपणें पाहावयास हवें, हें परळच्या प्रयोगशाळेनें दाखविलें. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरील डॉल व हिल यांचा इंग्लंडांतील गाजलेला निबंध १९५० सालचा आहे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे या कामाचें मोल कळेल.

१९५२ सालीं भारत सरकारच्या आरोग्य खात्यानें परळ येथें भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केलें आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. आनुवंशिकतेचा जो रेणू, ज्याला आपण डी.एन्.ए. म्हणतों, त्याची दुपदरी पिळाची रचना जगापुढें आली ती त्यानंतर एक वर्षानें, १९५३ सालीं. म्हणजे रेणुजीवशास्त्र हें नवें शास्त्र बाळसें धरीत होतें त्याच सुमारास हें केंद्र उभें राहिलें. या शास्त्राला लागणारीं माणसें बाजारांत तयार मिळण्याजोगीं नव्हतीं. तीं घडवावीं लागत. अशांपैकीं एक म्हणजे पुण्याच्या कमल रणदिवे. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली, अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स येथें पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या आत्मसात केली, आणि परत येऊन परळला तशी प्रयोगशाळा उभारली. पुढें त्या केंद्राचें संचालकत्वहि रणदिवेबाईंकडे आलें. कुष्ठरोगाच्या जंतूंचा अभ्यास, मुंबईंतील निरनिराळ्या समाजांच्या रक्तगटांचा अभ्यास, हींहि कामें खानोलकरांनीं आपल्या सहकाऱ्यांसमवेत केलीं.

अशा माणसाकडे १९६० सालीं मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपद आलें, आणि १९६३ सालापर्यंत तें त्यांच्याकडे होतें. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय काणे १९४७ ते १९४९ या काळांत याच आसनावर होते. न्यायमूर्ति गजेंद्रगडकर १९६६ सालीं तेथें आले. पंडित, न्यायाधीश, वैद्य असे नाना प्रकारचे लोक या पदानें पाहिले आहेत.

आतां आक्षेप असा येतो कीं, ज्या हातानें काचपट्ट्या रंगवाव्या त्या हाताला आपण सह्या करावयास लावतों, हा विद्येचा अपव्यय नव्हे काय? या आक्षेपांत तथ्य आहे. सभा, परीक्षा, नेमणुका आणि तक्रारी यांत गेलेला दिवस पुन्हां प्रयोगाला मिळत नाहीं. परंतु दुसरी बाजूहि पाहावी. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें तें मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठीं. असें विद्यापीठ सहजच उत्तरपत्रिका मोजण्यांत रमतें. ज्ञान हें वाटण्यापूर्वीं मिळवावें लागतें, आणि तें मिळवितांना वर्षांमागून वर्षें हाताशीं कांहीं लागत नाहीं, हें ज्यानें स्वतः अनुभविलें आहे असा मनुष्य तेथें मुख्यस्थानीं असणें ही मला फार मोठी गोष्ट वाटते. शिवाय, माझ्या मतें, खानोलकरांचें खरें नेतृत्व कुलगुरुपदाबरोबर सुरू झालें नाहीं आणि त्याबरोबर संपलेंहि नाहीं. दुसऱ्याला काम करतां यावें अशी जागा निर्माण करणें, हें तें नेतृत्व. तें परळच्या केंद्रांत आधींच दिसलें होतें. राष्ट्रीय संशोधन-प्राध्यापक हा मानहि त्यांना लाभला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं त्यांचें निधन झालें.

त्यांनीं उभारलेलें केंद्र १९६६ सालीं टाटा स्मारक रुग्णालयाशीं जोडलें गेलें आणि २००२ सालीं परळहून खारघरला आलें. २०२१ सालीं याच आवारांत एका रुग्णावर भारतांतील एक नवा उपचार प्रथम करण्यांत आला. रुग्णाच्याच रक्तांतील टी पेशी बाहेर काढावयाच्या, कर्करोगाची पेशी त्यांना ओळखतां यावी असा पालट त्यांच्या जनुकांत करावयाचा, त्यांची संख्या वाढवावयाची, आणि त्या पुन्हां त्याच्याच शरीरांत सोडावयाच्या. पवईच्या आय्.आय्.टी.मधील शास्त्रज्ञ आणि टाटा स्मारक केंद्राचे वैद्य यांनीं मिळून सिद्ध केलेल्या या उपचाराला रक्ताच्या कांहीं कर्करोगांसाठीं २०२३ सालीं सरकारी मान्यता मिळाली. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीपासून तिच्या आंतील रेणूपर्यंतचा हा प्रवास एका संस्थेच्या आयुष्यांत घडला आहे.

परंतु मला दुसऱ्याच गोष्टीची रुखरुख आहे. माझे मामा शाळामास्तर होते. वाचन दांडगें, अक्षर मोत्यासारखें, आणि कमरेला तंबाखूची चंची. गालाच्या आंतल्या बाजूला पांढरा चट्टा आला, पुढें तेथें क्षत पडलें; मामा म्हणत, “दांत लागला असेल.” घरांत आम्ही सारे शिकलेले, पण कोणीं त्यांना तोंड उघडून दाखवावयास सांगितलें नाहीं. वडीलधाऱ्यांना असें कसें सांगावें, हा संकोच! सहा महिने असेच गेले. मग खारघरच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि त्या फार दिवस चालल्या नाहींत. त्या इमारतीवरचें नांव मीं प्रथम वाचलें तें तेव्हां, बांकावर बसल्या बसल्या. एक हजार रुग्णांचा तो आढावा १९४४ सालचा होता, हें मला पुढें कळलें. जें ज्ञान परळला इतक्या वर्षांपूर्वीं छापलें गेलें, तें आमच्या माजघरांत पोंचलें नव्हतें.

महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. तरीहि तोंडाचा कर्करोग आजहि भारतीय पुरुषांत अगदीं आघाडीवर आहे. कायदा दुकानापर्यंत जातो. घरांत शिरावयाचें तें काम आपलें. म्हणून श्रोतेहो, आपल्या घरीं कोणी तंबाखू, मशेरी किंवा सुपारी खात असेल, तर उद्यां सकाळीं उजेडांत त्यांचें तोंड पाहा. पांढरा अथवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत भरून न येणारें क्षत, किंवा तोंड पूर्वींइतकें न उघडणें, यांपैकीं कांहीं आढळलें तर वैद्याकडे जाण्यास विलंब लावूं नका. ते वडील असले, रागावले, तरी सांगा. आम्हीं सांगितलें नाहीं.