डेडस्टॉक रजिस्टर आणि संगणकाच्या सेवा

(महोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवाच्या सभेत देणग्यांची घोषणा आणि जुन्या कार्यकर्त्यांचे स्मरण हे विषय शोभून दिसतात. आमच्या वाट्यास मात्र संस्थेतील संगणकाच्या व्यवस्थेचा रुक्ष विषय आला आहे. आम्ही पडलो शाळामास्तर, यंत्रज्ञ नव्हे. पण शाळेचे डेडस्टॉक रजिस्टर बरीच वर्षे आमच्याकडे आहे, आणि तेवढ्या शिदोरीवर बोलण्याचे धाडस करीत आहोत.

शाळेत बाक आला की या रजिस्टरात तारीख, किंमत आणि ठेवण्याची जागा लिहिली जाते. वर्षाकाठी मोजणी होते. बाक मोडला तरी तो परसात फेकून चालत नाही. समितीपुढे ठेवून त्याचे रीतसर निर्लेखन करावे लागते, त्यावर सही पडते. एका मोडक्या बाकाचा एवढा मान! आणि ज्यांवर आज संस्थेचा सारा कारभार चालतो, ती सभासदांची यादी, पावत्यांचा प्रोग्राम, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज, ई-मेलचा पत्ता, यांची नोंद कोठेच नसते. संगणकाची पेटी रजिस्टरात असते. तिच्या आत काय चालते ते नसते.

यातून काय घडते ते आम्ही पाहिले आहे. आमच्या हातून दहावी झालेल्या एका मुलीने एका निधीकडे मदतीचा अर्ज केला. (तो निधी आपला नव्हे, आणि त्याचे नाव घेण्याचेही कारण नाही.) शेजाऱ्यांकडून मिळालेला छापील नमुना मागील वर्षाचा होता; त्यावरील ई-मेलवर तिने सारे कागद पाठविले. निधीने दरम्यान नवी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली होती. जुनी ई-मेल कोणी बंद केली नव्हती आणि कोणी उघडतही नव्हते. पत्र परत आले असते तर मुलीला कळले तरी असते. ते आत शिरले आणि तेथेच पडून राहिले. मुदत गेली. वडिलांनी पहिल्या सत्राची फी उसनवारीने भरली. चौकशीस आम्ही गेलो, तेव्हा मंडळी भली होती, हळहळली. कोणी कामचुकारपणा केला होता असे नव्हे. जुनी सेवा मिटविण्याचे काम कोणाचेच नव्हते.

मोठ्या संस्थांना ही ठेच फार आधी लागली. ब्रिटिश सरकारच्या संगणक व दूरसंचार विषयाच्या मध्यवर्ती कचेरीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस या व्यवहारावर एक ग्रंथमालाच सुरू केली. ‘आयटिल’ हे तिचे नाव. २००७ च्या आवृत्तीत सेवेच्या आयुष्याचे पाच भाग केले होते: ती का हवी हे ठरविणे, तिची आखणी, ती कामात आणणे, रोज चालविणे आणि सतत सुधारणे. पुढे २०१९ च्या आवृत्तीत मांडणी बदलली. आम्हांस मात्र त्या पाच भागांहून त्यांची सेवांची वही अधिक आवडली. तिचे तीन कप्पे: येऊ घातलेल्या सेवा, चालू सेवा आणि निवृत्त सेवा. निवृत्तांनाही वहीत जागा आहे, हे आमच्या डेडस्टॉकच्या नजरेला लगेच पटले.

रोजच्या देखभालीविषयीही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणारी गिटलॅब नावाची कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका कर्मचाऱ्याने दुरुस्तीच्या भरात चुकीच्या यंत्रावरील सुमारे ३०० गिगाबाईट माहिती पुसली. नकला तर रोज निघत असणार, असे सर्वांनी धरले होते. पाहतात तो नकला निघतच नव्हत्या! नक्कल काढणारे साधन एका आवृत्तीचे आणि माहितीचा साठा दुसऱ्या आवृत्तीचा. नक्कल फसल्याची सूचना ई-मेलने यावयाची, ती पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. त्याच कर्मचाऱ्याने सहाएक तास आधी निराळ्या कामासाठी एक नक्कल काढली होती, तिच्यावर निभावले. मधल्या तासांची माहिती गेली ती गेलीच. कंपनीने ही सारी कथा स्वतःच प्रसिद्ध केली, हे आम्हांस फार मोठेपणाचे वाटते. नक्कल निघते की नाही एवढे विचारून भागत नाही. तिच्यावरून माहिती परत उभी करून कोणी, केव्हा पाहिली, हे विचारावे लागते.

एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आम्हांस परवा टोकले, “मास्तर, आपल्या एवढ्याशा संस्थेला हा उपद्व्याप कशाला?” त्यांचा मान राखून आम्ही म्हणतो, लहान संस्थेलाच तो अधिक हवा. मोठ्या कंपनीत पगारी माणसे असतात. आपल्याकडे एखादा हुशार मुलगा हौसेने प्रोग्राम करून देतो, नोकरीनिमित्त परगावी जातो, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. त्याचा दोष काय? आपणच मागून घेतला नाही. यंत्रांचेही तसेच. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू होतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ती तारीख वहीत असती तर नव्या यंत्राची तरतूद वर्षभर आधी अंदाजपत्रकात घालता आली असती.

म्हणून आम्ही एक कोरे रजिस्टर आणले आहे. प्रत्येक सेवेला एक पान. ती कोणासाठी व केव्हा सुरू झाली, कोणाच्या ताब्यात आहे, तो आजारी पडल्यास दुसरा कोण, पासवर्डचा बंद लिफाफा कोणाच्या कपाटात, नक्कल शेवटी केव्हा पडताळली. पानाच्या तळाशी निर्लेखनाची जागा मुद्दाम मोठी ठेवली आहे. तेथे सेवा बंद करण्याचा ठराव, जुनी माहिती कोठे हलविली, जुना पत्ता कोणकोणत्या छापील कागदांवर आहे, आणि त्या पत्त्यावर येणाऱ्यास पुढील वर्षभर “नवा पत्ता अमुक” असे उत्तर कोण देणार, हे लिहावयाचे.

पहिली पाने आम्ही भरली आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या पानावर ‘ताबा’ हा रकाना तेवढा रिकामा आहे. येत्या जूनमध्ये अर्ज सुरू होतील. चहापानाच्या वेळी रजिस्टर दाराजवळच्या टेबलावर राहील. पेनही तेथेच बांधून ठेवले आहे.