सत्पात्री दान

अडगळीतील वस्तू देणे सोपे असते. जिवापाड जपलेली वस्तू देण्यास मन मोठे लागते. इंग्लंडमधील नॉर्थम्प्टनशायर परगण्यात राहणारे रिचर्ड कोल्टन यांच्या संग्रहात 1960 आणि 1967 सालच्या दोन दुर्मीळ इटालियन फेरारी मोटारी होत्या. 2015 साली ते निवर्तले, तेव्हा मृत्युपत्रानुसार त्या ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ला मिळाल्या. 1824 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे स्वयंसेवक वादळातही समुद्रात उतरून बुडणाऱ्यांचे प्राण वाचवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिलावात मोटारींचे सुमारे 85 लाख पौंड आले. नॉर्थम्प्टनशायरला समुद्रकिनारा नाही, हे विशेष! दान सत्पात्री असावे, असे आपले पूर्वज सांगत. बुडत्यास हात देणाऱ्याहून अधिक सत्पात्र कोण?