सरोवरतळीची शिकारवाट



हिमयुग ओसरल्यावर उत्तर अमेरिकेतील ह्युरॉन सरोवराची पातळी काही काळ आजच्यापेक्षा फारच खाली गेली होती. मिशिगनमधील अल्पिना ते कॅनडातील अँबर्ली असा खडकाळ उंचवटा तेव्हा उघडा पडला आणि कॅरिबू हरणांच्या कळपांना ये-जा करण्यास कोरडी वाट मिळाली. तेथील मूळ रहिवाशांनी हे हेरले. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी त्यांनी दगडांच्या दोन समांतर ओळी मांडल्या. त्यांमधील वाट ८ मीटर रुंद, ३० मीटर लांब. या काही उंच भिंती नव्हेत. परंतु कॅरिबू अशा ओळीच्या कडेकडेने चालत राहतो, हा त्याचा स्वभाव त्यांस ठाऊक होता. दबा धरण्याचे आडोसेही तेथे आहेत.

आज हे सारे ३७ मीटर पाण्याखाली आहे. किनाऱ्यावर असते, तर हे दगड केव्हाच कोणाच्या बांधाला लागले असते! जॉन ओ'शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली या रचनेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वसंतातील शिकारीस अनेक कुटुंबे एकत्र येत, शरदात लहान गट पुरेसे असत, असे त्यांचे अनुमान आहे. अशा लोकांना पाठ्यपुस्तकांतून नुसते ‘भटके’ म्हणणे मला तरी पटत नाही.

त्याच उंचवट्यावर ज्वालामुखीजन्य काचेचे दोन छिलके मिळाले. त्यांची काच दूर पश्चिमेकडील ओरेगॉनची असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.