फोनमधील नांवनिशी

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेस पसरलेल्या तारापूर औद्योगिक क्षेत्रांत पाळी बदलण्याची वेळ झाली कीं रस्ते सायकली, रिक्षा व कंपन्यांच्या बसगाड्या ह्यांनीं भरून जातात. त्या गर्दींतील जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल असतो. परंतु कित्येक रासायनिक कारखान्यांत तो फाटकावरच ठेवून आंत जावें लागतें. कारण जेथें ज्वालाग्राही वाफ असण्याचा संभव, तेथें साध्या फोनमधील एखाद्या ठिणगीचाही धोका पत्करणें शहाणपणाचें नसतें. पुढील आठ तास तो फोन फाटकावरील कपाटांत वाजत राहतो. घरीं मुलाला ताप भरला, वडील न्हाणीघरांत घसरून पडले, तर गृहिणीच्या फोनमध्यें पतीचा क्रमांक अगदीं पहिल्या जागीं असूनही तिच्या हातीं कांहीं लागत नाहीं. तिला त्या वेळीं हवा असतो कारखान्याच्या फाटकाचा क्रमांक, किंवा टाइम ऑफिसचा, किंवा त्याच खात्यांत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याचा. आणि हे तीन क्रमांक बहुधा पतीच्याच फोनमध्यें, म्हणजे त्या कपाटांत असतात.

११ जानेवारी २०२० रोजीं संध्याकाळीं ह्याच क्षेत्रांतील एका कारखान्यांत मोठा स्फोट होऊन माणसें दगावलीं. त्याचा हादरा आसपासच्या अनेक गांवांना जाणवला. अशा प्रसंगीं घरोघरीं एकच क्रमांक पुन्हा पुन्हा फिरविला जातो, आणि पलीकडून उत्तर आलें नाहीं कीं मन नको तें चिंतूं लागतें. वास्तविक तो फोन कपाटांत सुरक्षित असतो, आणि त्याचा धनीही पुष्कळदां सुखरूप असतो. चौकशी कोठें करावी, एवढेंच काय तें ठाऊक नसतें. म्हणून फोनमधील यादीची पारख एकाच गोष्टीनें करावी : जिचा फोन आहे ती व्यक्ति जवळ नसतांना, किंवा बोलण्याच्या स्थितींत नसतांना, ती यादी घरच्यांच्या उपयोगीं पडते कीं नाहीं?

पूर्वींच्या घरांत हा प्रश्नच नव्हता. दूधवाल्याचा, डॉक्टरांचा, भावोजींच्या कचेरीचा क्रमांक भिंतीवरील कालनिर्णयच्या कडेला पेन्सिलीनें लिहिलेला असे. ती यादी अस्वच्छ होती, डिसेंबर सरतांच रद्दींत जात असे, आणि नव्या वर्षीं निम्मे क्रमांक हरवत हेंही खरें. परंतु घरांतील कोणालाही, चौथींतल्या मुलालासुद्धां, ती वाचतां येत असे. मोबाईलमध्यें यादी गेली, तिला कुलूप लागलें, आणि मग ज्यानें त्यानें ती आपल्यापुरतीच लिहावयास आरंभ केला. "गॅसवाला", "गॅसवाला नवा", "गॅसवाला खरा" अशीं तीन नांवें एकाखालीं एक ठेवणाऱ्या गृहस्थाला त्यांतलें कोणतें चालू आहे हें पक्कें ठाऊक असतें. त्याच्या पत्नीला तें कसें कळावें?

नांवें लिहिण्याची रीत येथें प्रथम सुधारावी लागते. नुसतें "पाटील" किंवा "संखे" लिहिणें बोईसर-पालघर भागांत अगदीं निरुपयोगी. तशीं दहा-दहा नांवें एकेका फोनांत सांपडतात. "पाटील, सरावली, वायरमन", "पाटील, पास्थळ, मावशींचे व्याही" असें लिहिलें म्हणजे परक्या डोळ्यांनाही अर्थ लागतो. गांवाचें नांवही जपून लिहावें. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं पोफरण आणि अक्करपट्टी हीं गांवें आपल्या मूळ जागेवरून उठलीं; तेव्हां जुन्या वहींतील "पोफरण" एवढ्या पत्त्यावर भरंवसून कोणी समुद्राकडे निघाला तर त्याला तें घर तेथें सांपडावयाचें नाहीं. संस्थेचे क्रमांक असतील तर आधीं संस्था व मग काम असा क्रम धरावा : "कारखाना फाटक", "कारखाना टाइम ऑफिस", "कारखाना बस". असें केल्यानें तीं सर्व नांवें आपोआप एके ठिकाणीं येतात आणि घाईंत शोधाशोध करावी लागत नाहीं.

लिपीचा घोळ निराळाच आहे. चौधरी हें आडनांव इंग्रजी अक्षरांत तीन-चार प्रकारें लिहितात. वाघ आणि वर्तक मराठींत एकाच अक्षराखालीं बसतात, तर इंग्रजींत एक डब्ल्यूखालीं आणि दुसरा व्हीखालीं जाऊन पडतो. यादी कोणत्याही एका लिपींत असावी. घरांतील वृद्धांना व मुलांना जी सहज वाचतां येते ती निवडावी, आणि मराठी घरांत ती देवनागरी असावी हें सांगावयास फार विचार करण्याचें कारण नाहीं.

आतां आंकड्यांविषयीं. पालघर-बोईसर भागांतील तारेच्या टेलिफोनांचा संकेत ०२५२५ हा आहे. जुन्या वह्यांतून दवाखान्यांचे व कारखान्यांचे क्रमांक ह्या संकेतावांचून लिहिलेले आढळतात, कारण गांवांतल्या गांवांत त्याची गरज पडत नसे. तेच आंकडे जसेच्या तसे मोबाईलमध्यें उतरविले तर फोन लागत नाहीं, आणि दोष मात्र टेलिफोन खात्याला मिळतो. उत्तम मार्ग असा कीं, प्रत्येक क्रमांकापूर्वीं अधिक चिन्ह व ९१ लिहावें, आणि संकेताच्या आरंभींचें शून्य गाळावें. असा क्रमांक बोईसरांतून लागतो, पुण्याहून लागतो आणि दुबईस नोकरीला असलेल्या मुलासही लागतो.

यादी ठेवावयाची कोठें? सिम कार्डावर साधारणतः अडीचशे नांवें मावतात, आणि तींही आंखूडच. "पाटील, पास्थळ, मावशींचे व्याही" तेथें कापलें जाईल. केवळ फोनच्या पोटांत ठेवली तर पावसाळ्यांत स्टेशनच्या जिन्यावर हातांतून निसटलेल्या फोनबरोबर तीही जाते. गूगलच्या किंवा तत्सम खात्यांत ती ठेवली म्हणजे नव्या फोनवर परत मिळते. मात्र त्या खात्याचा परवलीचा शब्द घरांतील आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक हवा. ह्याखेरीज आठ-दहा क्रमांक कागदावर ठळक अक्षरांत लिहून स्वयंपाकघरांत लावावे. त्यांत पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका ह्यांसाठींचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, गॅस गळतीसाठीं १९०६, रेल्वेचा १३९ हे असावेच. आणि त्यांच्या वर कारखान्याचें फाटक.

१६ एप्रिल २०१३ पासून लोकल गाड्या डहाणूपर्यंत धावूं लागल्या आणि बोईसरचीं कित्येक माणसें रोज मुंबईकडे ये-जा करूं लागलीं. गाडींत घेरी येऊन पडलेल्या प्रवाशाचा फोन हातीं असूनही कुलपामुळें कोणाला कळवावें हें सहप्रवाशांना समजत नाहीं. इंग्लंडांत रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या बॉब ब्रॉची ह्यांनीं २००५ मध्यें अशी सूचना केली कीं, संकटसमयीं ज्याला कळवावयाचें त्याचें नांव प्रत्येकानें फोनमध्यें ठराविक खुणेनें ठेवावें. आतां बहुतेक फोनांत, कुलूप न उघडतां असे क्रमांक व रक्तगट दाखविण्याची सोय असते. ती भरण्यास पांच मिनिटें लागतात, आणि तरीही ती रिकामीच असलेली पुष्कळ ठिकाणीं दिसते.

यादी आपली असली तरी तींतील क्रमांक दुसऱ्यांचे आहेत, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एखादें ॲप "यादी वाचूं द्या" म्हणून परवानगी मागतें आणि वाचणारा विचार न करतां होकार देतो. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनीं अशाच याद्यांच्या आधारें कर्जदारांच्या सोयऱ्याधायऱ्यांना फोन करून छळलें. तेव्हां २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें कर्जाच्या ॲपांना ग्राहकाची नांवनिशी वाचण्यास मनाई केली. बँकेचा गुप्त आंकडा "काकू एटीएम" अशा नांवाखालीं ठेवण्याची युक्ति तर मुळींच करूं नये. चोरांनाही अशा काकू परिचयाच्या असतात.

"माझा क्रमांक बदलला" असा निरोप आला कीं जुना पुसण्याची घाई करूं नये. जुन्या क्रमांकावर एकदां फोन करून आवाज ऐकावा, मगच नवा लिहावा. पैसे मागण्याचे ठग पुष्कळदां ह्याच वाटेनें येतात. २० जानेवारी २०११ पासून कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय देशभर झाली, ही गोष्ट यादी राखणाऱ्याच्या फायद्याची. परंतु सोडून दिलेला क्रमांक पडून राहत नाहीं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें सांगितलें कीं, बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसपर्यंत दुसऱ्यास देत नाहींत. त्यानंतर तो दिला जाऊं शकतो. कंत्राटी कामगार, रंगारी, सुतार ह्यांची ये-जा असलेल्या बोईसरसारख्या गांवीं त्यामुळें जपावें लागतें : गेल्या वर्षींच्या सुताराच्या नांवावर फोनवरून पैसे धाडले आणि ते परक्याच्या खात्यांत गेले, असें घडूं शकतें. पैसे पाठविण्यापूर्वीं पडद्यावर बँकेंतलें नांव दिसतें, तें वाचावें.

वर्षांतून एकदां, दिवाळीच्या शुभेच्छा पाठवितांना, यादी वरपासून खालपर्यंत पाहण्याचा प्रघात बरा. दिवंगतांचीं नांवें त्या वेळींच समोर येतात, आणि तीं पुसण्यास हात धजत नाहीं. तीं पुसावींच असें नाहीं. पण तो क्रमांक आतां त्यांच्या पत्नीजवळ आहे, मुलाजवळ आहे, कीं कोणा अनोळखी माणसाजवळ गेला आहे, ह्याची चौकशी आधीं करावी. पत्नीजवळ असेल तर तिचें नांव पुढें घालावें, म्हणजे फोन लावणारा "काका आहेत का?" असें तिला विचारणार नाहीं. अनोळखी माणसाजवळ गेला असेल तर आंकडे तेवढे काढावे, आणि नांव राहूं द्यावें.