थंडीच्या लाटेत गोठ्याची राखण



उत्तरेचे शीत वारे वाहू लागले, की निफाड परिसरात पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. गोठ्यातील मुक्या जनावरांकडे मात्र दुर्लक्ष होते.

पहाटे जन्मलेल्या ओल्या वासरास ही थंडी प्राणघातक ठरू शकते. त्यास तत्काळ पुसून कोरडे करावे व तासाभरात चीक पाजावा. वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचे पडदे लावावेत. परंतु वरचा भाग मोकळा ठेवावा, अन्यथा कोंडलेल्या हवेने फुप्फुसांचे विकार जडतात. जमिनीवर कोरड्या पाचटाचे अंथरूण असावे. रात्री कडबा वाढवावा. तो पचताना शरीरात ऊब निर्माण होते. सकाळी हौदातील गार पाण्याऐवजी विहिरीचे ताजे पाणी पाजावे.

बागेस लाभणारी दक्षता दावणीसही लाभावी. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी हा संदेश घरोघर पोहोचवावा.